युगसावनदिनसंख्येचे अखेरचे तीन अंक

(१) जुन्या घरांतील दप्तराचे रुमाल सोडले म्हणजे सनदा, पत्रें व वंशावळी यांच्या तळाशीं ज्योतिषाचीं सुटीं पानें हटकून निघतात. संग्राहक तीं वरवर पाहतो, ग्रहलाघवाचीं असावींत असें म्हणतो, आणि पुन्हां बांधून ठेवतो. आरंभ नाहीं, समाप्ति नाहीं, लेखकाचें नांव नाहीं, शक नाहीं. मग अशा पानांचा इतिहासाला उपयोग तो काय, असें त्याला वाटलें तर नवल नाहीं. परंतु त्या पानांत एखादी आठ-दहा स्थानांची संख्या असेल तर तें पान मुकें नसतें. शब्द बदलला तर तो बदलला हें दुसरी प्रत मिळाल्यावांचून सहसा कळत नाहीं. संख्या बदलली तर तें पुष्कळदां त्याच पानावरून कळतें. कारण मोठ्या संख्येला स्वतःचे गुणधर्म असतात, आणि ते लेखकप्रमादाला जुमानीत नाहींत. याचें एक उदाहरण म्हणून युगांतील सावन दिवसांच्या संख्येचा विचार वाचकांपुढें ठेवीत आहों. या विषयाकडे आम्ही वळलों तो आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीमुळें; ती पुढें यथास्थळ सांगूं.

(२) महायुग ४३,२०,००० सौर वर्षांचें, याविषयीं आर्यभट, सूर्यसिद्धांत व ब्रह्मगुप्त यांचें ऐकमत्य आहे. मतभेद आहे तो या वर्षांत सावन दिवस, म्हणजे एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतचे दिवस, किती होतात याविषयीं. मुख्य मानें अशीं :—

आर्यभटीय (शके ४२१) : १,५७,७९,१७,५००
पंचसिद्धांतिकेंतील जुना सूर्यसिद्धांत व खंडखाद्यक (शके ५८७) : १,५७,७९,१७,८००
आज प्रचारांत असलेला सूर्यसिद्धांत : १,५७,७९,१७,८२८
ब्राह्मस्फुटसिद्धांत (शके ५५०) : १,५७,७९,१६,४५०

यांपैकीं शेवटचें मान ब्रह्मगुप्तानें कल्पासाठीं दिलें आहे. तें १५,७७,९१,६४,५०,००० असून त्यास हजारानें भागून आम्हीं वर मांडलें आहे. भास्कराचार्यांनीं सिद्धांतशिरोमणींत (शके १०७२) हाच पक्ष स्वीकारला. हें घराणें वेगळें असल्यामुळें त्याचा विचार येथें बाजूस ठेवूं. पहिल्या तीन संख्या मात्र सख्ख्या बहिणींसारख्या आहेत. आरंभींचे सात अंक तिन्हींत एकच. भेद केवळ अखेरच्या तीन अंकांचा. एकींत ५००, दुसरींत ८००, तिसरींत ८२८. पोथ्या चाळण्याची संवय असलेल्या वाचकाच्या मनांत पहिला विचार येतो तो हा कीं, हीं पाठांतरें आहेत. कोणा लेखकाच्या हातून दोन शून्यांचे जागीं दुसरे अंक पडले, किंवा दुसऱ्या अंकांचे जागीं शून्यें पडलीं. हा विचार चुकीचा आहे. या तीनहि शेवटांना आपापलें कारण आहे, आणि तें संख्येच्या पोटांतूनच काढतां येतें.

(३) प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, ही संख्या एकटी नसते. आर्यभटीय व सूर्यसिद्धांत या दोहोंतहि युगांत चंद्राचे भगण ५,७७,५३,३३६ आहेत. त्यांतून सूर्याचे ४३,२०,००० भगण वजा केले म्हणजे चांद्रमास ५,३४,३३,३३६ येतात. चांद्रमासांतून ५,१८,४०,००० सौरमास वजा केले म्हणजे अधिमास १५,९३,३३६ राहतात. चांद्रमासांस तिसांनीं गुणलें म्हणजे तिथि १,६०,३०,००,०८० होतात. आणि तिथींतून सावन दिवस वजा केले म्हणजे उरतात ते अवम, म्हणजेच क्षयदिवस. तेव्हां सावन दिवस व अवम यांची बेरीज तिन्ही पक्षांत एकच आली पाहिजे. ५०० या शेवटाचा जोडीदार २,५०,८२,५८० हा आहे. ८०० चा २,५०,८२,२८०. आणि ८२८ चा २,५०,८२,२५२. जोडीदार सांपडला कीं संख्येची साक्ष पटली.

पंचसिद्धांतिकेचें उदाहरण या बाबतींत बोधप्रद आहे. हा ग्रंथ थीबो व सुधाकर द्विवेदी यांनीं १८८९ सालीं छापून प्रसिद्ध केला, तो मुंबई सरकारच्या संग्रहांतील दोन अत्यंत अशुद्ध प्रतींवरून. कित्येक श्लोक ओळखूं येऊं नयेत इतके मोडलेले. अशा ग्रंथावरून जुन्या सूर्यसिद्धांताचें मान ८०० वर संपत होतें हें निश्चयानें कसें म्हणावें? याचें उत्तर असें कीं, वराहमिहिरानें युगाची सबंध संख्या न सांगतां १,८०,००० वर्षांचे अधिमास ६६,३८९ व अवम १०,४५,०९५ असे एके ठिकाणीं सांगितले आहेत. युग याच्या चोवीसपट. चोविसांनीं गुणतां अधिमास १५,९३,३३६ येतात, म्हणजे वर काढलेलेच. आणि अवम २,५०,८२,२८० येतात. अगदीं वेगळ्या अध्यायांत, सूर्य साधण्याच्या रीतींत, त्यानें ८०० वर्षांस २,९२,२०७ दिवस असें प्रमाण घेतलें आहे. ८०० ची युगाशीं पट ५,४०० आहे; तितक्यांनीं २,९२,२०७ ला गुणलें असतां १,५७,७९,१७,८०० हीच संख्या मिळते. दोन दूरच्या श्लोकांनीं, निरनिराळ्या अंकांनीं, एकच साक्ष द्यावी हें लेखकप्रमादानें घडणें नाहीं. शब्द मोडले, तरी संख्या उभ्या राहिल्या.

(४) आतां ५०० चे ८०० कां झाले तें पाहूं. आर्यभटीयाप्रमाणें कलियुगाचा आरंभ लंकेच्या सूर्योदयीं, शुक्रवारीं होतो. दुसऱ्या पक्षाप्रमाणें तो त्याच शुक्रवारच्या आदल्या मध्यरात्रीं होतो. म्हणून त्यास आर्धरात्रिक पक्ष म्हणतात, व पहिल्यास औदयिक. आर्यभटानें दिनारंभ एकदां मध्यरात्रीं व एकदां सूर्योदयीं धरला होता असें स्वतः वराहमिहिरच सांगतो. तेव्हां दोन्ही पक्षांत आरंभींच पंधरा घटिकांचा फरक आहे. हा फरक जर कायम राहिला असता तर आर्यभटाच्या काळीं एका पक्षाची मेषसंक्रांति दुसऱ्याच्या पंधरा घटिका आधीं आली असती.

आर्यभटीयांतील मुख्य काल कलियुगाचीं ३,६०० वर्षें गेल्यानंतरचा, म्हणजे शके ४२१ चा आहे. युगाचा हा बाराशेवा भाग. ५०० वर संपणाऱ्या संख्येस १,२०० नीं भागलें असतां १३,१४,९३१ दिवस व वर पंधरा घटिका येतात. सूर्योदयापासून पंधरा घटिका म्हणजे मध्यान्ह. ८०० वर संपणाऱ्या संख्येस १,२०० नीं भागलें असतां तितकेच दिवस व वर तीस घटिका येतात. मध्यरात्रीपासून तीस घटिका म्हणजेहि मध्यान्हच! युगांत जे तीनशें दिवस अधिक धरले त्यांचा बाराशेवा भाग बरोबर पाव दिवस आहे, आणि पाव दिवस हाच दोन आरंभांतील फरक. तेव्हां हे ३०० दिवस दोन्ही पक्षांचा सूर्य शके ४२१ मध्यें एकाच क्षणीं मेषारंभीं यावा एवढ्यासाठींच मिळविले आहेत, यांत शंका राहत नाहीं. वारहि पाहतां येतो. १३,१४,९३१ ला सातांनीं भागून दोन उरतात. शुक्रवारापासून दोन म्हणजे रविवार. इसवी सन ४९९ च्या मार्च महिन्याची २१ वी तारीख रविवारच होती. या एका मध्यान्हाची खूण दोन संख्यांच्या शेवटांत दीड हजार वर्षें राहिलेली आहे.

(५) ८०० चे ८२८ कां झाले, हा प्रश्न अधिक नाजूक आहे. अठ्ठावीस दिवसांनीं ३,६०० वर्षांत केवळ १ घटी २४ पळें एवढाच फरक पडतो. शिवाय या वाढीनें वर्षमान सत्याजवळ गेलें असेंहि नाहीं. आजच्या वेधांप्रमाणें नाक्षत्र सौर वर्ष ३६५ दिवस १५ घटी २२ पळें ५४ विपळें आहे. आजच्या सूर्यसिद्धांताचें ३६५-१५-३१-३१-२४ असून तें सुमारें साडेआठ पळांनीं जास्त आहे. जुन्याचें ३६५-१५-३१-३० होतें. मग पंचवीस नाहीं, तीस नाहीं, अठ्ठावीसच कां?

आमच्या मतें याचें उत्तर वारांत आहे. आजच्या सूर्यसिद्धांतांत सृष्टीपासून कृतयुगाच्या अंतापर्यंत १,९५,३७,२०,००० वर्षें सांगितलीं आहेत. त्यांत त्रेता व द्वापर यांचीं मिळून २१,६०,००० मिळविलीं म्हणजे कलियुगारंभापर्यंत १,९५,५८,८०,००० वर्षें होतात. हीं वर्षें युगाच्या चतुर्थांशाच्या, म्हणजे १०,८०,००० च्या, बरोबर १,८११ पट आहेत. वारांची गणना रविवारापासून करावयाची, आणि कलियुगाचा आरंभ शुक्रवारच्या मध्यरात्रीं आला पाहिजे. १,८११ ही संख्या विषम असल्यामुळें युगाच्या दिवसांस चारांनीं पूर्ण भाग गेला पाहिजे. नाहींतर आरंभ मध्यरात्रीं न येतां दिवसाच्या भलत्याच भागीं येईल. ८२८ वर संपणाऱ्या संख्येचा चतुर्थांश ३९,४४,७९,४५७ आहे. त्याला सातांनीं भागून एक उरतो. १,८११ ला सातांनीं भागून पांच उरतात. दोहोंचा गुणाकार पांच, आणि रविवारापासून पांच म्हणजे शुक्रवार. गणित बरोबर बसलें.

जुन्या संख्येचा चतुर्थांश ३९,४४,७९,४५०. त्यालाहि सातांनीं भागून एकच उरतो. म्हणजे ज्याला जुनी संख्या बदलावयाची होती, त्याच्यापुढें दोन अटी होत्या: वाढ चारांनीं विभाज्य असावी, आणि तिचा चतुर्थांश सातांनीं विभाज्य असावा. तीस मिळविले असते तर चारांनीं भाग गेला नसता. बत्तीस मिळविले असते तर भाग गेला असता, पण कलियुग बुधवारीं लागलें असतें. दोन्ही अटी पाळणारी लहानांत लहान वाढ अठ्ठावीस हीच आहे. संख्या बदलणाऱ्या पुरुषाचें नांव आपणांस ठाऊक नाहीं. परंतु तो कलियुगाचा शुक्रवार मोडूं देणारा नव्हता, आणि आपल्या हातीं असलेला बदल त्यानें शक्य तितका थोडा केला, एवढा त्याचा स्वभाव या दोन अंकांवरून दिसतो. हा आमचा तर्क आहे. गणित मात्र कोणासहि पडताळून पाहतां येईल.

(६) विभाज्यतेचा आणखी एक उपयोग संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. वर्षें व दिवस या दोहोंस ज्या मोठ्यांत मोठ्या संख्येनें भाग जातो तिनें भागून उरणाऱ्या संख्यांस कुट्टकाच्या गणितांत दृढ म्हणतात. आर्यभटाच्या पक्षांत हा भाजक ७,५०० असून दृढ संख्या ५७६ वर्षें व २,१०,३८९ दिवस अशा आहेत. जुन्या सूर्यसिद्धांताच्या पक्षांत भाजक ५,४०० व दृढ संख्या ८०० आणि २,९२,२०७. आजच्या सूर्यसिद्धांतांत भाजक केवळ ४ राहतो, आणि दृढ संख्या १०,८०,००० व ३९,४४,७९,४५७ इतक्या अवजड होतात. ब्रह्मगुप्ताच्या मानाच्या दृढ संख्या ३,२०० व ११,६८,८२७ अशा येतात. त्या अठ्ठावीस दिवसांनीं वार राखला, परंतु संख्येची सुटसुटीत घडण घालविली. यावरून, ज्या पानावर युगाचें नांवहि नाहीं, पण ५७६ व २,१०,३८९ हा जोड आहे, तें पान आर्यभटाच्या शाखेचें, असें पान हातीं येतांच सांगतां येतें.

(७) आतां लेखकप्रमादाकडे वळूं. आमचे ग्रंथकार संख्या शब्दांनीं सांगतात, आणि त्या एकं स्थानापासून उलट वाचावयाच्या असतात. या रीतीनें छंद साधतो, परंतु कांहीं शब्द एकमेकांचे शेजारी आहेत. अंक म्हणजे ९ व अंग म्हणजे ६. अद्रि म्हणजे ७ व अब्धि म्हणजे ४. ऐकण्यांत किंवा उतरण्यांत थोडी गफलत झाली कीं एकाचा दुसरा होतो. सूर्यसिद्धांताच्या युगदिनसंख्येंतील नऊ हा आंकडा अंक या शब्दानेंच सांगितलेला आहे. तेथें अंग लिहिलें गेलें तर संख्या १,५७,७६,१७,८२८ होईल, म्हणजे एका अक्षरानें तीन लक्ष दिवस नाहींसे होतील.

शाळेंत आम्ही मुलांकडून नऊ टाकून ताळा पाहवीत असूं. ही रीत द्वितीय आर्यभटाच्या महासिद्धांतांत आहे, आणि नारायण पंडितानें गणितकौमुदींत (शके १२७८) नवाऐवजीं वाटेल ती संख्या घेऊन ताळा करण्याची मोकळीक दिली आहे. युगांतील तिथींची संख्या नवांनीं निःशेष भागली जाते. म्हणून सावन दिवस व अवम यांच्या नवशेषांची बेरीज शून्य किंवा नऊ आली पाहिजे. आर्यभटाच्या पक्षांत शेष ६ व ३. जुन्या सूर्यसिद्धांतांत ० व ०. आजच्यांत १ व ८. तिन्ही ठिकाणीं ताळा जमतो. वरील शब्दांच्या दोन्ही जोड्यांत फरक तिहींचा असल्यामुळें, अशी एखादी चूक झाली तर नवशेष तिहींनीं चळतो आणि चूक उघडी पडते.

परंतु दोन अंकांची अदलाबदल झाली तर नवशेष बदलत नाहीं. अवम २,५०,८२,२५२ यांचे जागीं कोणी २,५०,२८,२५२ उतरले तर नवांचा ताळा जमल्यासारखा दिसेल. तेथें सातांचा ताळा घ्यावा. तिथींचा सप्तशेष ३, सावन दिवसांचा ४, अवमांचा ६. चार व सहा मिळून दहा, सात टाकून तीन. उलटलेल्या संख्येचा सप्तशेष ४ येतो, व बेरीज आठ, म्हणजे शेष १. चूक लगेच कळते. दोन्ही ताळे जमले तर संख्या शुद्ध असण्याचा संभव फार मोठा; मात्र ताळा चूक आहे इतकेंच सांगतो, ती कोठें आहे हें सांगत नाहीं. तें शोधण्यास मूळ अक्षरें डोळ्यांपुढें असावीं लागतात.

(८) हेंच आम्ही एकदां विसरलों. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं, शाळेच्या सुटींत, कोंकणांतील एका जोश्यांच्या घरीं आम्हांस दोन पानें मिळालीं. त्या प्रांतांत गणेश दैवज्ञाच्या ग्रहलाघवाचा (शके १४४२) पगडा मोठा. त्यानें ४,०१६ दिवसांचें चक्र योजून मोठ्या अहर्गणाची यातायात काढून टाकली. त्यामुळें युगाच्या संख्या कोणी गणितासाठीं वापरीत नसे, नुसत्या उतरून ठेवीत. वृद्ध जोशीबोवांनीं पानें हातीं देतांना सांगितलें, “मास्तर, आहे तसें उतरून घ्या.” आम्ही उतरूं लागलों. सावन दिवसांच्या संख्येच्या आरंभीं दोन शून्यवाचक शब्द होते. छापील सूर्यसिद्धांत आम्हांस पाठ होता. लेखकाला शब्द आठवले नाहींत म्हणून त्यानें शून्यें घातलीं अशी आम्हीं मनाशीं खूणगांठ बांधली, आणि आमच्या प्रतींत ८२८ लिहून टाकले. समासांत टीप सुद्धां केली नाहीं. संस्कृताच्या अभ्यासानें आलेला आत्मविश्वास, दुसरें काय.

पुढें तें घर पडलें व रुमाल वाळवीनें खाल्ला. आमची प्रत तेवढी उरली. सेवानिवृत्तीनंतर जुने कागद लावीत असतां ती हातीं आली, आणि संवयीनें आम्हीं ताळा पाहिला. सावन दिवसांचा नवशेष १. त्याच पानावरील अवम २,५०,८२,२८०, त्यांचा नवशेष शून्य. ताळा जमेना. बेरीज केली ती १,६०,३०,००,१०८ आली, म्हणजे पाहिजे त्याहून नेमके अठ्ठावीस जास्त! अवमांची संख्या आम्हांस तेव्हां पाठ नव्हती. म्हणून ती आमच्या शहाणपणांतून सुटली होती, आणि तिनेंच आमची चोरी पकडली. मूळ पानांत ८०० होते आणि तेच बरोबर होते. तीं पानें आर्धरात्रिक पक्षाचीं होतीं. तो पक्ष खंडखाद्यकाच्या द्वारें पुष्कळ काळ चालत राहिला, म्हणून एवढ्यावरून तीं फार जुनीं होतीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु कोंकणांतील एका घरीं त्या पक्षाचीं मानें कोणीतरी जपलीं होतीं, हा पुरावा आम्हीं आपल्या हातानें पुसला. संख्या तरी गणितानें परत मिळाली. तीं शून्यें कोणत्या शब्दांनीं लिहिलीं होतीं, अक्षराचें वळण काय होतें, जवळ कांहीं खूण होती काय, हें कोणत्याहि गणितानें परत यावयाचें नाहीं.

(९) शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास (१८९६) लिहितांना निरनिराळ्या ग्रंथांतील हींच मानें शेजारीं शेजारीं मांडून ग्रंथांचीं नातीं ठरविलीं. ते फरकांस अशुद्धें समजून पुसते तर तो इतिहास लिहितांच आला नसता. यास्तव संग्राहकांस आमची विनंती अशी. पोथींतील संख्या असेल तशी उतरावी, शब्दांनीं असेल तर शब्दांनींच. तिच्या आसपास जितक्या संख्या असतील त्या सर्व घ्याव्या, कारण जोडीदार नसेल तर ताळा होत नाहीं. ताळा जमला नाहीं तर तसें समासांत लिहावें, पण मूळ पाठास हात लावूं नये. छापील पुस्तकाशीं संख्या जुळली नाहीं म्हणजे पोथी चुकली असें नव्हे. कदाचित् ती दुसऱ्याच पक्षाची असेल. ज्यांच्या घरीं अशीं सुटीं पानें असतील त्यांनीं या दृष्टीनें तीं एकवार पुन्हां सोडून पाहावीं, एवढें सांगून हा लेख पुरा करतों.